सहावं घर

बंदुका बनवणाऱ्या हायरम बेकस्टेडचं नवं रिव्हॉल्व्हर तपासणीसाठी एक दिवस माझ्याकडेच येणार, हे मला केव्हापासून ठाऊक होतं. आमच्या शिकारीच्या मासिकात हातबंदुकांवर लिहिणारी मी एकटीच, आणि हायरमला आमच्या मासिकावाचून गती नव्हती. आयडाहोपासून अलास्कापर्यंत एल्क हरणाच्या नाहीतर अस्वलाच्या मागे रानात शिरणारा जो कुणी कमरेला जड हातबंदूक लावतो, तो माझं पान वाचल्याशिवाय खरेदीला जात नाही. म्हणून संपादक ग्लेननं फोन करून आधी हवेचं विचारलं आणि मग माझ्या सफरचंदांचं विचारलं, तेव्हाच मी काय ते समजले.

"नेल्डा, तू नाही म्हणालीस तरी चालेल बरं का," तो म्हणाला. "मी दुसऱ्या कुणाला तरी बघतो."

"पाठव."

"नाही, पण तुझं आणि हायरमचं..."

"माझं आणि हायरमचं काय आहे ते मला माहीत आहे. पाठव म्हटलं ना."

"लिहिताना मग तू..."

"ग्लेन, बंदूक चांगली असेल तर चांगली म्हणेन. आजवर दुसरं काही केलंय का मी?"

नाही, तो म्हणाला. ते खरं होतं. एवढ्या वर्षांत मी कुणाची भीड धरली नाही की कुणावर राग काढला नाही, म्हणून लोक माझ्या शब्दावर विसंबतात. फोन ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो हाच, की हा सगळा साठवलेला विश्वास आता एका माणसावर उधळून टाकायचा. एकदाच. लाज वाटली नाही, उलट बरं वाटलं.

ओरिन माझा नवरा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली, पण आमच्या गावात त्याचं नाव अजून रोज निघतं, आणि ते कसं निघतं ते सांगते. गोळीवर आपटणारा घोडा अंगठ्यानं मागे ओढायच्या रिव्हॉल्व्हरची इकडे एक रीत आहे. चक्राला घरं सहा, पण गोळ्या भरायच्या पाच. एक भरायची, एक घर सोडायचं, मग चार भरायच्या आणि घोडा त्या रिकाम्या घरावर उतरवायचा. कारण घोडा भरल्या गोळीवर टेकलेला असला आणि बंदूक दगडावर आपटली, तर ती आपली आपण उडते. इथल्या पोरांना हे चालायला लागल्या लागल्या शिकवतात. तर ओरिन सहा गोळ्या भरून मेला. तेव्हापासून गावात कुणी नवशिका चुकून सहावी गोळी भरायला लागला की जुने लोक त्याला म्हणतात, "ए, ओरिन करू नकोस."

माझ्या नवऱ्याच्या नावाचा अर्थच त्यांनी मूर्खपणा करून टाकला. मी फर्नच्या खानावळीत अंडी खात बसलेली असताना शेजारच्या टेबलावर हा शब्द ऐकलाय. बोलणाऱ्याला मी दिसले की तो कॉफीत डोकं घालतो, आणि मी गेले की पुन्हा बोलतो.

ओरिन मूर्ख नव्हता. त्याला सहा भरायला हायरमनं सांगितलं होतं. हायरमनं तेव्हा त्याचं पहिलं रिव्हॉल्व्हर काढलं होतं. घोडा आणि गोळी यांच्या मधे त्यानं एक अडसर बसवला होता, चाप ओढल्याशिवाय न हलणारा. आम्ही दोघं त्याच्या कारखान्यात बंदूक घ्यायला गेलो होतो. ओरिननं सवयीनं पाच भरल्या, तर हायरमनं सहावी त्याच्या तळहातावर ठेवली.

"आता सहा भर रे," तो म्हणाला. "पाचाचे दिवस गेले. तू पाचच भरणार असशील तर मी एवढं डोकं कशाला घासलं?"

ओरिन हसला आणि त्यानं सहावी भरली. शाळेपासूनचा मित्र, त्याच्या शब्दावर कोण शंका घेतो? त्याच ऑक्टोबरात, पहिल्या दहिवराच्या सकाळी, ओढा ओलांडताना ओरिनचा पाय घसरला. बंदूक म्यानातून निसटली, घोड्यावर आपटली आणि उडाली. गोळी कमरेखाली शिरली. सोबत लायल होता, आमच्याकडचा शिकारीचा वाटाड्या. त्यानं ओरिनला खांद्यावर घेतलं, पण गाडीपर्यंत पोचायच्या आत सगळं संपलं होतं.

शेरिफनं ती बंदूक तपासायला कुणाकडे दिली असेल? हायरमकडे, कारण पंचक्रोशीत बंदूक उघडता येणारा तोच. हायरम म्हणाला, दगडावर आपटल्यानं अडसर तुटला, कुणाचाही तुटला असता. आणि खानावळीत तो काय म्हणाला ते लायलनंच मला येऊन सांगितलं: "बंदूक कुणाचीही असो, सहा भरून रानात कोण जातं? मी तर कधी कुणाला सांगितलं नाही बाबा." मी गावभर ओरडून सांगितलं की मी तिथे होते, माझ्या कानांनी ऐकलं. लोकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. विधवा बाई, दुःखात काहीही बोलते. मी गप्प बसले, पण विसरले नाही.

तर ती नवी बंदूक आली. अक्रोडाची मूठ, साडेसात इंचांची नळी, पंचेचाळीस कॅलिबर, आणि काडतूस असं लांब आणि जड की हातात घेतल्यावरच कळावं, हे एल्कच्या खांद्याचं हाड फोडायला आहे. मी ती टेबलावर ठेवली आणि बराच वेळ हात लावला नाही. मग कॉफी घेतली आणि कामाला लागले.

मला ती बंदूक वाईट हवी होती. हे लपवण्यात अर्थ नाही. बागेच्या टोकाला माझी नेमबाजीची जागा आहे, तिथे वाळूच्या पिशव्यांवर हात टेकून मी पहिल्या पाच गोळ्या पन्नास यार्डांवर मारल्या आणि बघायला गेले, तर पाचही कॉफीच्या कपाच्या तोंडात मावतील एवढ्या जागेत. मला वाटलं, नशीब. पुन्हा मारल्या. तेच. धक्का मोठा, पण मुठीचा बाक असा की ती तळहातात वळते, मनगटावर येत नाही. घोडा अंगठ्याला सापडतो, थंडीत हातमोजा घातला तरी सापडतो. चाप काचेची काडी मोडावी तसा स्वच्छ सुटतो. संध्याकाळपर्यंत माझा हात सुजला आणि माझ्याकडे तक्रार करायला एक गोष्ट नव्हती.

मग मी ओरिनची परीक्षा घेतली. दारू आणि शिसं काढून ठोका बसला की पेटणाऱ्या नुसत्या टोप्या असलेली काडतुसं सहाच्या सहा घरांत भरली आणि लाकडी हातोड्यानं घोड्यावर ठोकायला लागले. हळू ठोकलं, जोरात ठोकलं, दात खाऊन ठोकलं. बंदूक अंगणातल्या फरशीवर पाडली. ओढ्यातल्या दगडावर पाडली. रात्रभर ती मांसाच्या आणि वाटाण्याच्या पिशव्यांमध्ये फ्रीजरात ठेवली आणि सकाळी हात चिकटेल इतकी गार असताना पुन्हा ठोकली. एक टोपी उडाली नाही. हातोड्याचा दांडा तडकला, तेव्हा मी अंगणात बसून हायरमला अशा शिव्या दिल्या की शेजारच्या मळ्यातली गाय मान वर करून बघायला लागली.

त्या दुपारी मी बंदूक खोलली. पहिल्या बंदुकीत अडसराला एक बारीक स्प्रिंग जागेवर धरून ठेवत असे. ती मोडली की अडसर खाली पडायचा आणि बंदूक उडू शकायची. नव्या बंदुकीत सगळं उलटं केलेलं होतं. घोडा गोळीपर्यंत मुळी पोचतच नाही. चाप ओढला तरच एक जाड पट्टी वर येते आणि घोड्याचा ठोका पुढे पोचवते. ती पट्टी मोडली, हरवली, गंजली, काहीही झालं, तर बंदूक उडणार नाही. बाकी सगळं जुन्या बंदुकीतलंच, फक्त हा एक तुकडा बदललेला. जो तुकडा माझ्या नवऱ्याला घेऊन गेला, नेमका तोच.

ओरिनचा मूर्खपणा होता ना? मग त्या तुकड्यावर नऊ वर्षं कोण घालवतं? तुला ठाऊक होतं रे, मी त्या उघड्या बंदुकीला म्हटलं. पहिल्या दिवसापासून तुला ठाऊक होतं.

तपासणीच्या शेवटी मी बंदूक बनवणाऱ्याला एक दिवस माझ्याकडे बोलावते. ही माझी जुनी पद्धत, हायरमसाठी वेगळं काही नव्हतं. तो बुधवारी आला. लायललाही बोलावलं होतं, कारण रानात बंदूक वागवणाऱ्याचं मत मला लागतं. लायल त्याच्या दोन सोबत्यांना घेऊन आला, फुकटच्या गोळ्या कोण सोडतं.

हायरम म्हातारा झाला होता. त्यानं टोपी काढली. "नेल्डा."

"ये हायरम. कॉफी विचारत नाही, तुमच्या पंथात चालत नाही ती. दूध गरम करू का?"

"नको गं. बंदूक कशी वाटली?"

"लेखात वाच," मी म्हटलं.

लायलनं एक गोळी मारली आणि मनगट झटकलं. "च्यायला हायरम, ही बंदूक आहे की खेचराची लाथ?"

"तू बायकोसारखी धरतोयस तिला," त्याचा एक सोबती म्हणाला. "जरा घट्ट धर."

"बायकोला घट्ट धरलं तर ती याहून जोरात मारते," लायल म्हणाला. सगळे हसले. हायरमही हसला. खूश होता तो, कारण गोळ्या जिथे हव्या तिथे लागत होत्या आणि त्याला माहीत होतं की मी ते लपवणार नाही.

"टेबलावरून पुरे झालं," मी म्हटलं. "शिकारीची बंदूक कमरेला लावून चालून बघायला पाहिजे. हायरम, पट्टा लाव. ओढा ओलांडून पलीकडच्या टेकाडावर जा, तिथे ठेवलेला डबा गोळीनं उडव आणि परत ये."

"मी कशाला? लायलला सांग की."

"लायलनं बनवलीय का ती?"

"जा की रे," लायल म्हणाला. "तुझी म्हातारपणची चाल बघू आम्ही."

खरं सांगते, माझा बेत एवढाच होता. सहा गोळ्या भरून, कमरेला लावून, त्या ओल्या दगडांवरून तो जाताना मला त्याचा चेहरा बघायचा होता. ओरिन जसा गेला तसा तो जाईल, आणि प्रत्येक पाऊल जपून टाकेल. तेवढं बघितलं असतं तरी मी पुष्कळ दिवस त्यावर काढले असते.

हायरमनं पट्टा बांधला आणि बंदूक भरायला घेतली. भरता भरता तो माझ्याशी बोलत होता, यंदा डोंगरावर बर्फ लवकर पडणार, एल्क लवकर खाली उतरतील, असं काहीतरी. हाताकडे त्याचं लक्षही नव्हतं. माझं होतं. त्यानं एक भरली. चक्र फिरवलं. एक घर सोडलं. मग चार भरल्या, झाकण लावलं, आणि बंदूक म्यानात घातली.

"किती भरल्यास?" मी विचारलं.

"सहा," तो म्हणाला. "सहाचीच आहे ना ती." आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच सहा वाटत होत्या.

"उघडून बघ."

त्यानं झाकण उघडून चक्र फिरवलं. रिकामं घर समोर आलं तेव्हा तो त्याकडे बघतच राहिला. लायल पुढे वाकला, त्यानंही बघितलं.

"हाताला सवय," हायरम म्हणाला. "पन्नास वर्षांची सवय गं."

"ओरिनलाही होती ती," मी म्हटलं. "भर आता सहावी."

त्यानं पट्ट्यातून काडतूस काढलं. चक्राजवळ नेलं. मग त्याची नजर ओढ्याकडे गेली, त्या दगडांकडे, आणि हात तिथेच थांबला. पाणी फार नव्हतं, गुडघ्याच्या खालीच. काडतूस त्याच्या बोटांतून गवतात पडलं. ते उचलायला तो वाकला नाही. त्यानं पट्ट्याची कडी सोडवली आणि सगळं काढून टेबलावर ठेवलं.

"गुडघा साथ देत नाही आज," तो म्हणाला.

लायल कुठल्याही गोष्टीवर विनोद करतो. माणूस मेला तरी करतो. त्या वेळी त्यानं नुसती टोपी डोळ्यांवर ओढली.

मी गवतातलं काडतूस उचललं, पुसलं, सहाव्या घरात भरलं. पट्टा माझ्या कमरेला बांधला आणि ओढ्यात उतरले. भीती वाटली का? वाटली. मधल्या दगडावर माझा बूट सरकला तेव्हा माझा हात आपोआप म्यानावर गेला, कारण हातोड्यानं कितीही ठोकलं तरी ते अंगणातलं ठोकणं, आणि ही माझी मांडी होती. पण मी पलीकडे गेले, डबा उडवला आणि परत आले. हायरमच्या समोर बंदूक ठेवून मी म्हटलं, "चांगली आहे. माझा भरवसा आहे हिच्यावर."

तो गेला. लायल जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "नेल्डा, तू ते कारखान्यातलं सांगायचीस ना... आम्हाला वाटायचं की..."

"तुम्हाला काय वाटायचं ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "जा घरी."

लेख मी त्याच दिवशी लिहायला घेतला. त्यात एक खोटा शब्द नाही. नेम किती अचूक, धक्का कसा, चाप कसा, हातोड्याचं काय झालं, फ्रीजरचं काय झालं, सगळं लिहिलं. आजवर हातात धरलेल्या जड रिव्हॉल्व्हरांत ही सगळ्यात चांगली, असंही लिहिलं, कारण ती आहे. आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिलं: बनवणारा म्हणतो, सहा गोळ्या निर्धास्त भरा. मी सहा भरून ओढा ओलांडला. बनवणाऱ्यानं माझ्यासमोर पाच भरल्या. सहावी भर म्हटल्यावर त्यानं पट्टा सोडून ठेवला.

खोट्या टीकेला उत्तर देता येतं. याला कोण काय उत्तर देणार? आमच्याकडचा माणूस आकडे वाचतो आणि विसरतो, पण बंदूक बनवणाऱ्याला स्वतःच्या बंदुकीचं भय आहे, हे तो मरेपर्यंत विसरत नाही.

शुक्रवारी दुपारी मी शिडीवर चढून सफरचंदं काढत होते, तर खाली हायरम येऊन उभा राहिला.

"तू ते लिहिणार," तो म्हणाला.

"जे बघते ते लिहिते मी."

"बंदूक चांगली आहे, नेल्डा. तूच म्हणालीस."

"आहेच चांगली. तेही लिहिणार."

"ते कोण वाचेल, ते दुसरं वाचल्यावर?" त्यानं शिडीला हात लावला. "माझी पोरगी, जावई, सगळे त्या कारखान्यात राबतात. माझ्यासाठी म्हणत नाही मी."

"ओरिनसाठी कोण म्हणालं होतं?"

त्यानं शिडीवरचा हात काढला. मग म्हणाला, "तुला काय पाहिजे ते सांग."

नऊ वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती, आणि ते आलं तेव्हा माझ्या हातात सफरचंद होतं आणि केसांत पानं. "उद्या सकाळी फर्नकडे ये," मी म्हटलं. "शनिवारी नाश्त्याला सगळे असतात. ओरिनला तू काय सांगितलं होतंस, ते त्यांच्यासमोर सांग."

"मग?"

"मग बघू."

'बघू' या शब्दाचा ज्याला जो हवा तो अर्थ घेता येतो. त्यानं त्याला हवा तो घेतला आणि गेला.

शनिवारी खानावळ भरलेली होती. लायल, त्याचे सोबती, गुरांच्या रँचवरचे लोक, चर्चची मंडळी. बेकनचा धूर, आणि फर्न कॉफीचं भांडं घेऊन टेबलांमधून फिरत होती. हायरम आला, गरम चॉकलेट मागितलं, आणि ते यायच्या आतच उभा राहिला. टोपी छातीशी धरलेली.

"मला ओरिनबद्दल बोलायचंय," तो म्हणाला.

काटे-चमचे थांबले.

"सहा भरायला मी सांगितलं त्याला. तो पाच भरत होता, सहावी मी त्याच्या हातात दिली. नेल्डा तिथे होती. ती जे सांगत होती ते खरं आहे, आणि मी नाही म्हणालो ते खोटं होतं."

एवढंच मी मागितलं होतं. तो तिथे बसला असता तर चाललं असतं. पण तो बसला नाही.

"अजून एक आहे," तो म्हणाला. "ओरिनच्या आधी एक बंदूक माझ्याकडे परत आली होती. तीच स्प्रिंग मोडलेली. मी म्हटलं, एखादी निघते वाईट. ओरिनला फोन करायला हवा होता. शिकारीचा हंगाम तोंडावर होता, मी म्हटलं हंगाम झाल्यावर सगळ्यांना सांगू. शेरिफनं त्याची बंदूक आणून दिली तेव्हा मी बघितलं, दगडानं काही तुटलं नव्हतं. स्प्रिंग आधीच मोडलेली होती, मोडलेल्या जागी गंज चढला होता. मी ती काढून नदीत टाकली."

फर्ननं कॉफीचं भांडं टेबलावर ठेवलं, कुणाच्या तरी ताटाला लागून ठेवलं. लायल उठला आणि माझ्यापाशी आला. ज्या माणसानं ओरिनला खांद्यावर वाहून आणलं आणि तरी नऊ वर्षं त्याच्या नावानं हसला, तो माझ्यासमोर उभा राहून बोलायला शब्द शोधत होता.

"नेल्डा, मी..."

"बस लायल. तुझी अंडी गार होतायत."

लोक हळूहळू पांगले. जाताना एकेकानं माझ्या टेबलापाशी थांबून ओरिनचं नाव घेतलं. ओरिन चांगला माणूस होता. ओरिन हुशार होता. मी मान हलवत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. शेवटी हायरम माझ्यासमोर येऊन बसला. त्याच्या चॉकलेटवर साय धरली होती.

"झालं," तो म्हणाला. "तू मागितलंस त्याहून जास्त बोललो."

"बोललास."

"आता ते वाक्य काढशील ना?"

"लेख गुरुवारीच टपालात टाकला मी," मी म्हटलं.

त्याला समजायला थोडा वेळ लागला. काल तो शिडीखाली उभा होता तेव्हाच लेख वाटेत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर सावकाश उतरलं. मला त्याची कीव आली. खरंच आली. चांगला कारागीर, थकलेला माणूस, आत्ता सगळ्या गावासमोर उघडा झालेला.

"पण छापायला वेळ आहे ना," तो म्हणाला. "ग्लेनला फोन कर. फर्नचा फोन आहे तिथे भिंतीवर. एक वाक्य तर आहे."

"आहे वेळ," मी म्हटलं, आणि उठले नाही.

त्यानं चॉकलेटचा कप बाजूला सारला. "मग मला हे सगळं बोलायला का लावलंस?"

"ते ओरिनसाठी होतं," मी म्हटलं. "लेख माझ्यासाठी आहे."